मिखिएल द रॉयटर : चार दिवसांची लढाई आणि एका दर्यावर्दीचे आयुष्य

१. प्रास्ताविक

आरमार म्हटले की मराठी वाचकाला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आठवतात. शिवाजी महाराज कोकणकिनाऱ्यावर आरमार उभारीत होते त्याच काळात, युरोपात इंग्लंड आणि डच प्रजासत्ताक ही दोन व्यापारी राष्ट्रे समुद्रावरील वर्चस्वासाठी एकमेकांशी झगडत होती. १६५२ ते १६७४ या बावीस वर्षांत त्यांच्यात तीन युद्धे झाली आणि त्यांचा निकाल प्रामुख्याने पाण्यावरच लागला. या युद्धांतील सर्वांत मोठा डच सेनानी म्हणजे मिखिएल द रॉयटर. त्याच्या चरित्राचा परिचय आपण या घटकात करून घेणार आहोत.

वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा. सेनापतीचे मोठेपण त्याने जिंकलेल्या लढायांवरून ठरवावे, की त्याने जे राखले त्यावरून? (पुढील तारखा नव्या दिनदर्शिकेनुसार आहेत. त्या वेळी इंग्लंडमध्ये चालू असलेली जुनी दिनदर्शिका दहा दिवस मागे होती.)

२. बालपण आणि उमेदवारी

मिखिएलचा जन्म २४ मार्च १६०७ रोजी झीलँड प्रांतातील फ्लिसिंगन या बंदरात झाला. वडील बिअरची पिंपे वाहून नेण्याचे काम करीत. घरात भावंडे पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे. लहानपणी त्याला लाम्पसिन्स या व्यापारी घराण्याच्या दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवण्याच्या कामाला लावले होते, असे परंपरेने सांगितले जाते. अकराव्या वर्षी तो जहाजावर चढला आणि त्यानंतरचे त्याचे शिक्षण समुद्रावरच झाले. खलाशी, तोफची, सुकाणूवाला आणि व्यापारी जहाजाचा कप्तान या सर्व पायऱ्या तो क्रमाने चढला. द रॉयटर हे आडनावही त्याने पुढे स्वतः घेतलेले आहे.

त्या काळी इंग्लंड-फ्रान्सच्या आरमारांत वरची पदे बहुधा उमरावांकडे जात. द रॉयटरला मात्र जहाजावरील प्रत्येक काम हाताने केल्याचा अनुभव होता. त्याचे खलाशी पुढे त्याला प्रेमाने आजोबा म्हणू लागले, त्यामागे हा अनुभव होता.

१६५२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने आना व्हान गेल्डर या विधवेशी तिसरा विवाह केला. व्यापारात पुरेसे मिळवले होते, आता किनाऱ्यावर स्वस्थ राहावे असा त्याचा विचार होता. त्याच वर्षी पहिले इंग्रज-डच युद्ध पेटले आणि त्याला बोलावणे आले. ऑगस्टमध्ये प्लिमथजवळ त्याने सर जॉर्ज आयस्क्यू या इंग्रज सेनानीला माघार घ्यायला लावली. हे नाव ध्यानात ठेवा. चौदा वर्षांनी ते पुन्हा येणार आहे. १६५३ मध्ये सरसेनानी मार्टेन ट्रॉम्प लढाईत पडला. त्याची जागा द रॉयटरला देऊ करण्यात आली, पण त्याने ती स्वीकारली नाही.

३. चार दिवसांची लढाई

दुसरे युद्ध १६६५ मध्ये सुरू झाले. त्या वर्षीच्या जूनमध्ये लोस्टॉफ्टजवळ डच आरमाराचा दारुण पराभव झाला आणि त्याचा सेनापती जहाजासह स्फोटात नाहीसा झाला. द रॉयटर तेव्हा आफ्रिका आणि कॅरिबियनच्या मोहिमेवर होता. तो परतताच सरसेनापतिपद त्याच्याकडे सोपवण्यात आले. त्याच्या ध्वजनौकेचे नाव प्रजासत्ताकातील सात प्रांतांवरून ‘सात प्रांत’ असे ठेवलेले होते.

१६६६ च्या जूनमध्ये इंग्रजांनी एक घातक निर्णय घेतला. फ्रेंच आरमार पश्चिमेकडून येत असल्याच्या बातमीवर विसंबून त्यांनी राजपुत्र रूपर्टबरोबर सुमारे २० जहाजे तिकडे धाडली. उरलेल्या सुमारे ५६ जहाजांचा सेनापती जॉर्ज मंक याच्यासमोर सुमारे ८४ डच जहाजे होती.

११ जून रोजी नांगरून पडलेल्या डच आरमारावर मंकने संख्येची पर्वा न करता हल्ला चढवला. डचांनी नांगरांचे दोर कापून शिडे उभारली. वाऱ्याची बाजू इंग्रजांकडे होती. परंतु वारा इतका जोराचा होता की त्यांची जहाजे शत्रूच्या बाजूला कलली. पाणी आत येईल या भीतीने खालच्या मजल्यावरील तोफांची दारे त्यांना उघडता येईनात. सर्वांत जड तोफा तेथेच होत्या. म्हणजे वाऱ्याची जी बाजू एरवी वरचढ ठरते, तीच त्या दिवशी अडचणीची झाली. या दिवशी दोन्ही पक्षांचे वरिष्ठ अधिकारी कामास आले.

१२ जूनला मार्टेनचा मुलगा कॉर्नेलिस ट्रॉम्प आपल्या तुकडीसह शत्रूच्या बाजूला अडकला. द रॉयटरने इंग्रजांमधून वाट काढून त्याला सोडवले. संध्याकाळपर्यंत मंकजवळ लढण्याजोगी थोडीच जहाजे उरली आणि त्याने माघार सुरू केली. १३ जूनला या माघारीत ‘रॉयल प्रिन्स’ हे प्रचंड इंग्रज जहाज गॅलपर नावाच्या वाळूच्या उथळीवर रुतले. त्यावरचा अधिकारी होता सर जॉर्ज आयस्क्यू. त्याने शरणागती पत्करली. जहाज सोडवून मायदेशी न्यावे असे ट्रॉम्पला वाटत होते, पण द रॉयटरने ते जाळण्याचा हुकूम दिला. रूपर्टची शिडे क्षितिजावर दिसू लागली असताना एका लुटीपायी आरमार अडकवून ठेवण्याची त्याची तयारी नव्हती.

१४ जूनला ताज्या दमाच्या रूपर्टसह इंग्रज परत फिरले. दिवसभर दोन्ही आरमारे एकमेकांतून आरपार गेली. अखेर द रॉयटरने सर्वंकष हल्ल्याची खूण केली आणि इंग्रजांची फळी मोडली. धुके उतरले तेव्हा त्याने पाठलाग थांबवला. इंग्रजांनी सुमारे १० जहाजे गमावली, डचांनी ४. मेलेल्या व जायबंदी झालेल्या माणसांची संख्या दोन्हीकडे मिळून हजारांत होती.

४. विजय आणि पराजय यांची मर्यादा

हा विजय निर्णायक होता, असे तुम्हाला वाटेल. पण दोन महिन्यांच्या आतच, ४ आणि ५ ऑगस्टला, दुरुस्त होऊन आलेल्या इंग्रज आरमाराने द रॉयटरला हरवले. ट्रॉम्प एका इंग्रज तुकडीच्या मागे दूर निघून गेला होता आणि सरसेनापती एकाकी पडला होता. त्या दिवशी आपल्याला मृत्यू यावा असे द रॉयटरला वाटले, असे सांगतात. तरीही त्याने मोडकी जहाजे एकत्र ठेवून, लढत लढत, उथळ पाण्याच्या आश्रयाला नेली. आरमार वाचले, म्हणूनच पुढच्या वर्षीचा पराक्रम शक्य झाला. १६६७ च्या जूनमध्ये डच जहाजे मेडवे नदीत शिरली, त्यांनी वाटेतली लोखंडी साखळी तोडली, नांगरलेली जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ही ध्वजनौका ओढून नेली. तिच्या पिछाडीचे कोरीवकाम आजही ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळते. जुलैअखेर ब्रेडा येथे तह झाला.

हे धोरण १६७२ पासून कसाला लागले. त्या वर्षी फ्रान्स आणि इंग्लंड यांनी एकत्र येऊन प्रजासत्ताकावर आक्रमण केले. फ्रेंच सेना देशात घुसली. संतप्त जमावाने हेग येथे योहान आणि कॉर्नेलिस द विट या बंधूंची हत्या केली. योहान हा प्रजासत्ताकाचा प्रमुख मुत्सद्दी आणि द रॉयटरचा पाठीराखा होता. खुद्द द रॉयटरच्या घरावरही जमाव चालून गेला. त्याने मात्र नव्या राजवटीतही आपले काम सोडले नाही. ट्रॉम्पशी असलेले वैर मिटवले. १६७३ मध्ये शेल्ट नदीच्या मुखाजवळील वाळूच्या दांड्यांमागे दबा धरून, संधी साधून बाहेर पडत, त्याने आपल्याहून मोठ्या संयुक्त आरमाराशी तीन लढाया दिल्या. शत्रूला किनाऱ्यावर सैन्य उतरवता आले नाही. यातली शेवटची लढाई २१ ऑगस्टला टेक्सेलजवळ झाली. पूर्वेकडून परतणारी डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत, हाही तिचा हेतू होता. वेंगुर्ल्याला वखार असलेली ती हीच कंपनी. याच वर्षी तिचे आरमार मुंबईसमोर येऊन हल्ला न करताच माघारी गेले होते. अशा रीतीने या युद्धाची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. १६७४ च्या फेब्रुवारीत इंग्लंड युद्धातून बाहेर पडले.

५. अखेरची मोहीम

१६७५ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या द रॉयटरला भूमध्य समुद्रात, सिसिलीजवळ, स्पेनच्या मदतीला पाठवायचे ठरले. दिलेली जहाजे फ्रेंचांच्या बळापुढे अपुरी आहेत, हे त्याने अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले. वयामुळे त्याचे धैर्य खचले की काय, असा संशय त्याच्यावर घेण्यात आला. आपल्याला भीती नाही, पण देशाचा ध्वज असा पणाला लावला जातो याचे दुःख आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन तो निघाला. वाटेत नेपल्स येथे त्याने वल्ह्यांच्या जहाजांवर गुलामीत टाकलेल्या हंगेरियन प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांची सुटका करवली. २२ एप्रिल १६७६ रोजी ऑगुस्टाजवळच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचे दोन्ही पाय जायबंदी झाले आणि २९ एप्रिलला सिराक्यूज येथे त्याचे निधन झाले. शव घेऊन निघालेल्या जहाजाला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून तोफांची मानवंदना द्यावी, असा हुकूम शत्रुराजा चौदाव्या लुईने दिला. १८ मार्च १६७७ रोजी ॲम्स्टरडॅमच्या नव्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

६. समारोप

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळा. चार दिवसांच्या लढाईचे यश दोन महिनेही टिकले नाही. त्यानंतरच्या पराभवात वाचवलेल्या आरमाराने मात्र देश तारला. ज्याने आयुष्यभर बळाचा अंदाज घेऊन पाऊल टाकले, त्याचा अखेरचा अंदाज त्याच्याच राज्यकर्त्यांनी मानला नाही. तरीही त्याने आज्ञा पाळली. ही कर्तव्यनिष्ठेची परिसीमा, की अनुभवी माणसाचे न ऐकणाऱ्या सत्तेने घेतलेला बळी? चरित्र वाचताना घटनांबरोबर अशा प्रश्नांचाही विचार करण्याची सवय लावून घ्या.

स्वाध्याय

१. ‘रॉयल प्रिन्स’ जाळण्याच्या निर्णयातून द रॉयटरच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?
२. ऑगस्ट १६६६ मधील माघार आणि मेडवेची मोहीम यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
३. अखेरच्या मोहिमेवर जाण्याचा द रॉयटरचा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? सकारण लिहा.