ज्याने समुद्र घरात आणला, त्याच्याच वाचकांनी किनारा रिकामा केला : फिलिप गॉसची गोष्ट

तळोज्यातल्या एखाद्या टॉवरच्या दहाव्या मजल्यावर कुणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतं. त्यात ताटाएवढं पसरलेलं समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, आणि त्यात लपाछपी खेळणारा निमो मासा. बाजारातून मीठ आणायचं, फिल्टरच्या पाण्यात विरघळवायचं, झाला समुद्र तयार.

हे सगळं आज सोपं वाटतं, पण त्यामागे एक माणूस आहे. ॲक्वेरियम हा शब्द आपल्या तोंडात बसवण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो फिलिप हेन्री गॉस.

कारकून ते निसर्ग अभ्यासक

गॉसचा जन्म १८१० सालचा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे, त्यामुळे घरात पैशाची कायम ओढाताण. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेला. तिथे हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता त्याला किड्यांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अमेरिकेत अलाबामामध्ये काही महिने शाळामास्तरकी केली. १८३९ मध्ये तो रिकाम्या खिशाने इंग्लंडला परतला. सोबत होती निरीक्षणांची टिपणं आणि वडिलांकडून आलेला चित्रकलेचा हात.

याच दोन गोष्टींवर त्याने आयुष्य उभं केलं. पुस्तकं लिहिली, पक्षी आणि किडे गोळा करायला जमैकाला जाऊन आला. १८४८ मध्ये एमिली बोज हिच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी एडमंड हा मुलगा झाला.

आजारपण आणि समुद्र

१८५२ मध्ये तब्येत बिघडली म्हणून गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत त्याला रंगीबेरंगी समुद्रफुलं दिसली. फुलासारखी दिसली तरी ही झाड नव्हे, प्राणी. छिन्नी-हातोडा घेऊन तो खडकाचा तुकडाच काढायचा, कारण समुद्रफुलाचा तळ फाटला तर ते वाचणं कठीण. एकदा तर त्याने ही समुद्रफुलं शिजवून खाल्लीसुद्धा!

खरा प्रश्न होता ती घरात जिवंत ठेवायची कशी. पाण्यात समुद्री शेवाळ ठेवलं तर ते ऑक्सिजन देतं आणि पाणी लवकर नासत नाही, यावर त्या काळी काही जण प्रयोग करत होते. रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन आणि ॲना थिन यांचं कामही याच काळातलं. गॉसने ते लोकांपर्यंत नेलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय सुरू झालं, त्यासाठी प्राणी पुरवणाऱ्यांमध्ये तो होता. १८५४ मध्ये त्याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. लोकांनी पुस्तक उचलून धरलं.

किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरीच बनवायची कृतीही दिली. आज पाकिटातून मिळणारं समुद्री मीठ त्याच वाटेवरचं. तळोज्याजवळ खाडी आहे, पण कासाडी नदीतलं औद्योगिक प्रदूषण बघता ते पाणी टाकीत भरण्याची हिंमत कोण करेल?

बायको गेली, पुस्तक पडलं

१८५७ हे वर्ष गॉससाठी काळवर्ष ठरलं. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कॅन्सरने गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी गॉसने ‘ऑम्फॅलॉस’ लिहिलं. तो कट्टर धार्मिक होता. देवाने पृथ्वी घडवतानाच ती जुनी दिसेल अशी घडवली, जीवाश्मांसकट, असा त्याचा युक्तिवाद. विज्ञानवाल्यांना तो पटला नाही, धर्मवाल्यांनाही नाही.

खचलेला गॉस डेव्हनला कायमचा राहायला गेला आणि पुन्हा समुद्रफुलांकडे वळला. ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला, त्यातली चित्रं त्याने स्वतः काढलेली. त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. १८८८ मध्ये तो गेला.

कौतुकाची किंमत

गॉसची पुस्तकं वाचून माणसं टोपल्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. त्याने प्रेमाने वर्णन केलेली डबकी ओरबाडली गेली. घरी नेलेले प्राणी बहुतेकदा काही दिवसांतच मरत. मुलगा एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. १९०७ मध्ये त्याने वडिलांवर ‘फादर अँड सन’ हे पुस्तक लिहिलं, त्यात या उजाड किनाऱ्याचं दुःख आहे. वडिलांनाही याची टोचणी लागल्याचं तो सांगतो.

खरं तर नीट सांभाळलं तर समुद्रफूल माणसालाही मागे टाकतं. स्कॉटलंडच्या जॉन डॅलिएलने १८२८ मध्ये आणलेलं एक समुद्रफूल बरणीत १८८७ पर्यंत जगलं. डॅलिएल स्वतः १८५१ मध्येच वारला होता.

म्हणून आज मोठं ॲनिमोन घरी आणणाऱ्यांसाठी काही गोष्टी :

- टाकी किमान सहा महिने ते वर्षभर चाललेली आणि स्थिरावलेली हवी. नव्या टाकीत ते टिकत नाही.
- बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरायचं. मीठ उडून जात नाही, त्यामुळे खारं पाणी टाकलं की क्षार वाढत जातात.
- ॲनिमोन जागा बदलतं. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज नसेल तर ते आत ओढलं जाऊन चिरडतं.
- मेलेलं ॲनिमोन लगेच बाहेर काढायचं, नाहीतर त्याच्या कुजण्याने अख्खी टाकी जाते.
- किनाऱ्यावरून काहीही उचलून आणायचं नाही. खडकाळ प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घेणं हा गुन्हा आहे.

गॉसने लोकांना समुद्राकडे बघायला शिकवलं, पण बघणारे ते घरी घेऊन गेले. आपल्या टाकीत ॲनिमोन आणण्याआधी एवढं एक आठवलं तरी पुरे.