शत्रू हाती लागला तेव्हा : अमीर अब्दुल कादिर अल-जझायरी

वर्गात किंवा घरी मुलांना मुस्लिम योद्ध्यांच्या गोष्टी सांगताना आम्ही तलवार, घोडा आणि फतेह यांच्याच गोष्टी सांगतो. शत्रू निःशस्त्र होऊन हाती लागला तेव्हा त्या योद्ध्याने काय केले, हे सांगायचे राहूनच जाते. अल्जेरियाचे अमीर अब्दुल कादिर मात्र याच प्रश्नामुळे आठवणीत राहावेत असे आहेत.

१८०८ साली पश्चिम अल्जेरियात मस्कारा शहराजवळ त्यांचा जन्म झाला. वालिद मुहिउद्दीन हे कादिरी सिलसिल्याचे बुजुर्ग. घरात दीनी इल्मचे वातावरण. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जिअर्स घेतले आणि १८३२ मध्ये कबिल्यांनी या तरुण आलिमच्या हातावर बैअत केली. पुढची पंधरा वर्षे लढण्यात गेली.

त्या लढाईत शत्रूचे मुंडके आणणाऱ्याला इनाम मिळायचे. अमीरांनी ही रीत बदलली. इनाम जिवंत कैदी आणणाऱ्याला, आणि कैद्याने छळाची तक्रार केली तर इनाम रद्द! कैदी स्त्रियांची काळजी त्यांच्या आई लल्ला जोहरा घ्यायच्या. अल्जिअर्सचे बिशप द्युपुश यांनी एका कैद्याच्या सुटकेसाठी पत्र लिहिले, तेव्हा अमीरांनी कळवले की एकासाठीच का, सगळ्यांसाठी मागा, आणि फ्रेंचांच्या तुरुंगातल्या मुसलमानांसाठीही बोला. त्यातून १८४१ मध्ये दोन्हीकडच्या कैद्यांची अदलाबदल झाली. पुढे छावणीत धान्य उरले नाही, तेव्हा उपाशी ठेवण्यापेक्षा त्यांनी कैदी सोडून दिले. युद्धकैद्यांसाठीचा स्वतंत्र जिनिव्हा करार १९२९ चा आहे, हे लक्षात घ्यावे. अमीरांपुढे कैद्याला जेवू घाला सांगणारे कुरआन होते.

समोरून काय होत होते? १८४५ मध्ये दहरा भागात गुहेत लपलेल्या कबिल्याला फ्रेंच फौजेने तोंडाशी आग लावून धुराने गुदमरवले. बायका-मुलांसह शेकडो जीव गेले. पुढच्याच वर्षी अमीरांच्या छावणीत शंभराहून जास्त फ्रेंच कैदी मारले गेले. अमीर तेव्हा तिथे नव्हते, पण छावणी त्यांचीच होती. हा डाग आम्ही लपवू नये. बदल्याची आग चांगल्या माणसाच्या घरातही शिरते, हे मुलांना कळायला हवे.

डिसेंबर १८४७ मध्ये अमीरांनी शस्त्र खाली ठेवले. अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ देण्याचा शब्द फ्रेंचांनी दिला होता. तो मोडला. घरच्यांसह त्यांना फ्रान्समध्ये तूलाँ, पो आणि शेवटी आंब्वाझच्या किल्ल्यात ठेवले. त्या किल्ल्याच्या बागेत त्यांच्या सोबतच्या सुमारे पंचवीस माणसांच्या कबरी आहेत. १८५२ मध्ये सुटका झाली. आधी बुर्सा, मग १८५५ पासून दमिश्क.

एवढे सोसलेल्या माणसाला ख्रिश्चनांचा राग धरायला कारण कमी नव्हते. जुलै १८६० मध्ये दमिश्कच्या ख्रिश्चन मोहल्ल्यावर जमाव तुटून पडला. अमीर आपल्या अल्जेरियन साथीदारांना घेऊन गल्लीबोळांत शिरले, लोकांना काढून आपल्या घरी आणले. घर भरले तेव्हा त्यांना किल्ल्यात पोहोचवले. जो कोणी ख्रिश्चनाला सुखरूप आणेल त्याला रोख पैसे देऊ केले. जमाव दारात येऊन माणसे मागू लागला, तेव्हा हत्यार घेऊन स्वतः समोर उभे राहिले. हजारो जीव वाचले. फ्रान्सने मानाचा किताब दिला, अब्राहम लिंकन यांनी पिस्तुले भेट पाठवली. रशियाच्या कैदेत असलेल्या इमाम शामिल यांनीही मुबारकबादचे पत्र लिहिले.

२६ मे १८८३ रोजी दमिश्कमध्ये त्यांचा इंतकाल झाला. शेख इब्न अरबी यांच्या शेजारी दफन झाले. १९६६ मध्ये त्यांचे अवशेष आजाद अल्जेरियात नेण्यात आले.

आज कुठल्याही युद्धाच्या बातम्या आल्या की घराघरात मुले विचारतात, आपले किती मेले, त्यांचे किती? अशा वेळी आपण त्यांना दमिश्कमधल्या त्या दाराची गोष्ट सांगू या. आणि १८४६ ची छावणीही सांगायला विसरू नये.