जॉन वेस्ली हायट

जॉन वेस्ली हायट (२८ नोव्हेंबर, इ.स. १८३७ – १० मे, इ.स. १९२०) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. आपले बंधू आयझाया स्मिथ हायट यांच्यासह त्यांनी सेल्युलॉइड या प्लास्टिकचे व्यापारी उत्पादन सुरू केले. सेल्युलॉइडचा शोध हायट यांनीच लावला असे सरसकट लिहिले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. या जातीचा पदार्थ त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये तयार झाला होता. तो साच्यात घालून, उष्णता व दाब देऊन, त्यापासून हव्या त्या आकाराची टिकाऊ वस्तू बनवण्याची रीत मात्र हायट यांची आहे.

प्रारंभिक जीवन

हायट यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील स्टार्की येथे झाला. त्यांचे वडील लोहार होते. रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण हायट यांना मिळाले नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी ते इलिनॉय राज्यात गेले व तेथे छापखान्यात मुद्रकाचे काम शिकले. इ.स. १८६१ मध्ये सुऱ्यांना धार लावण्याच्या साधनासाठी त्यांना पहिले पेटंट मिळाले. पुढे न्यू यॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे ते मुद्रक म्हणून काम करू लागले.

बिलियर्डचा चेंडू

त्या काळी बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत आणि खेळाची लोकप्रियता वाढत असल्याने हस्तिदंत महागत चालला होता. इ.स. १८६३ मध्ये न्यू यॉर्कमधील फेलन अँड कॉलेंडर या बिलियर्ड साहित्याच्या कंपनीने हस्तिदंताला योग्य पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. हायट यांनी छापखान्याची नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात प्रयोग आरंभले. तंतुमय गाभ्यावर शेलॅक व हस्तिदंताच्या भुकटीचा थर चढवून त्यांनी एक चेंडू बनवला व १८६५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मात्र त्याला हस्तिदंताचा गुण आला नाही. कागद व लाकडाचा लगदा साच्यात दाबण्याचा हा सराव वाया गेला नाही. त्यातूनच हायट बंधूंनी सोंगट्या व डोमिनो बनवण्याचा व्यवसाय उभा केला.

कलोडियन नावाचे एक चिकट द्रावण छापखान्यातील कामगार बोटांच्या रक्षणासाठी वापरत. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, अल्कोहोल व ईथर यांत विरघळवून ते तयार होते. कपाटात सांडलेल्या बाटलीतील कलोडियन वाळून त्याचा नखाएवढा कडक पापुद्रा झालेला हायट यांना दिसला. त्यांनी चेंडूंवर कलोडियनचा लेप देऊन पाहिला. चेंडू दिसायला सुरेख झाले, पण नायट्रोसेल्युलोज हीच बंदुकीच्या कापसाची जात असल्याने ते ज्वालाग्राही होते. दोन चेंडू जोरात आदळले की कधीकधी टिकली फुटल्यासारखा आवाज येई. कोलोरॅडोतील एका गुत्तेदाराने या आवाजाची हकिकत हायट यांना पत्राने कळवली होती. त्याला स्वतःला त्याचे काही वाटत नसे, परंतु आवाज होताच खोलीतील प्रत्येकजण पिस्तूल उपसत असे. ही गोष्ट हायट यांनीच उतारवयात सांगितली. तिच्यात थोडे मीठमसाला असेलही.

सेल्युलॉइड

कलोडियनची मूळ अडचण वेगळीच होती. त्यातील द्रव उडून जाताना पदार्थ आकसत असे, त्यामुळे जाड वस्तू ओतली तर ती वेडीवाकडी होई. हायट बंधूंनी द्रावक म्हणून घन कापूर वापरला. ओल्या नायट्रोसेल्युलोजचा लगदा दळून त्यात वजनाने निम्मा कापूर मिसळायचा, दाबून पाणी काढायचे, मग मिश्रण तापत्या साच्यात जबर दाबाखाली ठेवायचे. उष्णतेने कापूर वितळून नायट्रोसेल्युलोजला विरघळवतो आणि थंड झाल्यावर एकजीव, कठीण पदार्थ मिळतो. तो पुन्हा तापवला की मऊ होतो व त्याला नवा आकार देता येतो. १२ जुलै, इ.स. १८७० रोजी या प्रक्रियेला पेटंट मिळाले.

असा पदार्थ बंद साच्यात तापवणे धोक्याचे होते. सीली नावाच्या एका प्राध्यापकांनी कारखाना पाहून, उष्णता थोडी अधिक झाली तर इमारतच उडेल असा इशारा दिला. हायट यांनी जाड फळीच्या आडोशाला उभे राहून मिश्रण मुद्दाम प्रमाणाबाहेर तापवून पाहिले. वायू फूत्कारत बाहेर पडले, पण स्फोट झाला नाही, आणि काम पुढे चालू राहिले.

सेल्युलॉइड हे नाव आयझाया यांनी दिले. पहिला उद्योग कवळ्यांचा होता. तेव्हा कवळ्या कठीण रबराच्या असत व त्यासाठी दंतवैद्यांना परवाना शुल्क भरावे लागे. सेल्युलॉइडच्या कवळ्या स्वस्त होत्या, परंतु त्यांना कापराची चव येई व गरम पेयाने त्या वाकत. मार्शल लेफर्ट्स यांच्या भांडवलावर कारखाना न्यू जर्सीतील नेवार्क येथे हलवण्यात आला. इ.स. १८७५ मध्ये तो आगीत जळाला व पुन्हा उभारण्यात आला. पुढे तेथे कंगवे, सुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या, कॉलर इत्यादी वस्तूंसाठी लागणारा माल तयार होऊ लागला.

१८७२ मध्ये हायट बंधूंनी एका यंत्राचे पेटंट घेतले. त्यात तापवलेल्या नळकांड्यातील सेल्युलॉइड दट्ट्याने तोटीतून साच्यात ढकलले जाई. आजच्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्राचे हे आद्य रूप होय. घरातल्या बादलीपासून खेळण्याच्या सुट्या भागापर्यंत प्लास्टिकच्या असंख्य वस्तू आज याच तत्त्वावर बनतात. हायट यांच्या कामातील हा भाग चेंडूच्या गोष्टीइतका प्रसिद्ध नाही, तरी महत्त्व याचेच अधिक आहे.

श्रेयाचा वाद

अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन प्रदर्शनात नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेले पार्केसाइन मांडले होते. त्यांची कंपनी १८६८ मध्ये बुडाली. त्यांचे सहकारी डॅनियल स्पिल यांनी १८७७ मध्ये हायट यांच्या कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला. १८८० मध्ये निकाल स्पिल यांच्या बाजूने लागला, परंतु १८८४ मध्ये न्यायाधीश ब्लॅचफर्ड यांनी तो फिरवला. कापराचा उपयोग पार्क्स यांनी आधीच जाहीर केला असल्याने स्पिल यांचा हक्क टिकला नाही व हायट यांचे उत्पादन चालू राहिले.

बक्षिसाचे १०,००० डॉलर हायट यांना मिळाल्याचा पुरावा नाही. त्यांच्या चेंडूंनी हत्ती वाचवले हे विधानही अतिशयोक्त आहे. मोठ्या सामन्यांत हस्तिदंताचे चेंडू पुढेही अनेक दशके वापरात होते.

इतर कार्य व मृत्यू

हायट यांच्या नावावर २०० हून अधिक पेटंटे आहेत. पाणी गाळण्याची पद्धत, उसाचा चरक व अनेक सुयांचे शिलाई यंत्र यांवर त्यांनी काम केले. त्यांच्या रोलर बेअरिंगच्या कंपनीत १८९५ साली आल्फ्रेड स्लोन हे तरुण अभियंते रुजू झाले. तेच पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख झाले. इ.स. १९१४ मध्ये हायट यांना रसायन उद्योगातील पर्किन पदक देण्यात आले. १९२० मध्ये न्यू जर्सीतील शॉर्ट हिल्स येथे त्यांचे निधन झाले.

सेल्युलॉइडच्या पातळ पट्टीवर चित्रपट उतरू लागल्याने मराठीतही हा शब्द चित्रपटाचा पर्याय म्हणून रूढ झाला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नायट्रोसेल्युलोजच्या अशाच फिल्मवर चित्रित झाला होता. ज्वालाग्राही असल्याने चित्रपटांतून हा पदार्थ विसाव्या शतकाच्या मध्यास बाद झाला. टेबल टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सेल्युलॉइडचे चेंडू मात्र २०१४ पर्यंत वापरले जात होते.