वालचंद हिराचंद आणि भाड्याची लढाई

भंडारा जिल्ह्यातील आंधळगावात विणलेले कोशाचे कापड दूरच्या पेठेत काय भावाने पडते, हे केवळ विणकराच्या हातावर ठरत नाही; वाहतुकीचे भाडे आणि ते जमवून देणारा दलाल यांचाही त्यात वाटा असतो. सागरी व्यापारात तर दलालावाचून पान हलत नाही. जहाजमालकाला माल हवा असतो, व्यापाऱ्याला जहाज. दोघांची गाठ घालून तो भाड्यावर शेकडेवारीने दलाली घेतो. वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात जहाजांचे वर्णन पुष्कळ येते, या मध्यस्थाचे क्वचितच.

सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद रेल्वेच्या कंत्राटांतून पुढे आले. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ जहाज विक्रीस निघाले. नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी सिंदिया कंपनी स्थापन केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या स्मरणार्थ राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. ‘लॉयल्टी’ चारच वर्षांत मोडीत निघाली, याचा उल्लेख मात्र सोहळ्यांत होत नाही.

जहाज विकत घेता येते. माल तसा विकत घेता येत नाही. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी उतरवलीच, पण त्याहून जालीम शस्त्र होते राखून ठेवलेल्या सुटीचे. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही भाग परत मिळे, परंतु लगेच नव्हे. ठरलेल्या मुदतीत त्याने सगळा माल जुन्या कंपन्यांच्याच जहाजांतून पाठवला, तरच. एखादी खेप दुसऱ्या जहाजात चढली, की साचलेली सारी रक्कम बुडाली! दलालाने सिंदियाचे कितीही स्वस्त भाडे सांगितले, तरी व्यापारी आधी आपली अडकलेली रक्कम मोजणार. यात स्वदेशीवर निष्ठा असलेले व्यापारीही आले, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घेऊ पाहिली. ते साधले नाही. मात्र १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. किनाऱ्यावर मालवाहतुकीला वाव मिळाला, पण जहाजांवर ७५,००० टनांची मर्यादा आली आणि परदेशी मार्ग बंद झाले. हा करार मानहानीचा होता खरा. तथापि त्याविना कंपनी तगली असती, असे मानणे कठीण आहे. पुढे किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखावी आणि ही सूट बंद व्हावी, म्हणून साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयके आणली. ती संमत झाली नाहीत. किनारी वाहतुकीचे राखीव धोरण स्वातंत्र्यानंतरच आले.

मोरारजींच्या निधनानंतर सिंदियाची धुरा वालचंदांकडे आली. त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. तेथील ‘जलउषा’ १९४८ साली पाण्यात उतरली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडल्याला तेव्हा चौतीस वर्षे आणि तीन दिवस झाले होते.