घरकामातून गाणे : बहिणाबाई चौधरी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तेव्हा प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे चिटणीसबाईंनी सांगितले. कोणी वाळवणाचे प्रकार लिहून दिले, कोणी जुन्या लुगड्यांच्या गोधडीची कृती दिली. माझे शिक्षण सातवीपर्यंत, मोठा लेख लिहिण्याची सवय नाही. पण जिला अक्षरओळखही नव्हती आणि तरी जिच्या गाण्यांवर आज विद्वान मंडळी व्याख्याने देतात, त्या बहिणाबाई चौधरींविषयी लिहावे असे मनात आले. माझे माहेर खानदेशातले असल्यामुळे त्यांच्या घरातली कामे मला परकी वाटत नाहीत.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी असे भरलेले घर होते. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. माहेर काही कोसांच्या आत, पण त्या काळच्या सुनेला ते लांबच. मनात येईल तेव्हा उठून जाता येत नसे. माहेरच्या वाटेवर त्यांनी रचलेले गाणे वाचले, म्हणजे त्या तेवढ्याशा अंतराची किंमत कळते.

सासर मोठे. शेती, गुरेढोरे, गडीमाणसे आणि वाड्यात नांदणारे मोठे कुटुंब. अशा घरातल्या बाईचा दिवस पहाटे जात्यापासून सुरू होई. आधी दळण, मग सडासारवण, चूल, न्याहारी, मग शेतावरची कामे आणि संध्याकाळी पुन्हा चूल. वर्षाचा फेरा सुद्धा कामांनीच मोजायचा. आपल्याकडे आता तयार पिठाच्या पिशव्या मिळतात, म्हणून नव्या सुनांसाठी थोडे सविस्तर लिहिते.

उन्हाळा आला की वाळवणे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचे. मग तो वाटून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा आणि सकाळी वरचे पाणी ओतून टाकायचे. जेवढा चीक तेवढेच पाणी उकळत ठेवून त्यात मीठ घालायचे आणि गुठळी होऊ न देता चीक शिजवायचा. सोऱ्यात घालून कडक उन्हात कुरडया पाडायच्या. ज्वारीच्या बिबड्या, शेवया, पापड हे सगळे त्याच दिवसांत. एका घरचे काम एका बाईने होत नाही, म्हणून शेजारणी एकमेकींकडे जातात. हात चालतात तसे तोंडही चालते, आणि गाणी, उखाणे, म्हणी तिथेच निघतात.

वैशाखात अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात. पितरांसाठी घागर भरतात. पुरणपोळी आणि आमरस करतात. आमच्याकडची पुरणपोळी लाटायची नसते. ती दोन्ही हातांवर फिरवून मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. श्रावण संपता पोळा येतो, त्या दिवशी बैलांचा मान मोठा. थंडीत शेतात वांग्याचे भरीत. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची व लसूण घालून ठेचायची आणि सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद व मीठ घालून दळले म्हणजे कळणा होतो.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की बहिणाबाईंच्या गाण्यांत हीच कामे आहेत. जात्याला त्या घरोट म्हणत, त्याच्यावर त्यांचे गाणे आहे. पेटता पेटत नाही अशा चुलीवर आहे. आखजीवर आहे, पोळ्यावर आहे, गुढीवर आहे. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी, विहिरीवरची मोट, यांतले काही सुटले नाही. संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची जी उपमा दिली ती तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावर त्यांनी गाणे केले, त्यात त्या चिमुकल्या चोचीची आणि माणसाच्या हातांची तुलना आहे. मला वाटते, स्वतः हाताने शिवणाऱ्या, लिंपणाऱ्या, विणणाऱ्या बाईलाच त्या खोप्याची वीण अशी दिसावी.

काही जण म्हणतात की अडाणी बाईला असे काव्य सुचले हा चमत्कार आहे. मला ते पटत नाही. हात कामात असले तरी डोळे आणि मन उघडे ठेवण्याची त्यांची सवय होती. चुलीतला धूर आपण सगळ्यांनी डोळ्यांत घेतला आहे, पण त्या धुराकडे नीट पाहिले ते बहिणाबाईंनी. त्यांची भाषा घरातली लेवा बोली. पुस्तकी शब्द आणण्याचा त्यांनी सोस केला नाही, म्हणून त्या गाण्यांना भाकरीचा वास आहे.

त्यांच्या वाट्याला दुःखही थोडे आले नाही. तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. मुलगी काशी, मुलगे ओंकार व सोपानदेव अशी तीन मुले पदरात होती. पुढे प्लेगाच्या आजाराने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसावे अशी रीत होती. बहिणाबाईंना बसून चालणार नव्हते. शेत होते, घर होते, मुले होती. त्या राबत राहिल्या आणि गात राहिल्या. दुःखाचेही त्यांनी गाणे केले, पण त्यात रडगाणे नाही. आपल्या कष्टावर विश्वास ठेवून पुढे चालणे आहे.

आता जी गोष्ट मला विशेष सांगायची आहे ती सांगते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. गाणे सुचले की त्या म्हणत, आणि काम संपले की ते गाणेही वाऱ्यावर जाई. सोपानदेव शाळेत जाऊ लागले. त्यांच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट एकदा आईच्या कानावर पडली, तर सकाळपर्यंत आईने त्या गोष्टीचे गाणे करून ठेवले. मुलगा थक्क झाला. पुढे सोपानदेव स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी आईच्या तोंडून निघालेली गाणी जमतील तशी वहीत उतरवून घेतली. जी उतरली ती राहिली. जी उतरली नाहीत ती कायमची गेली. जात्यावर, शेताच्या बांधावर, चुलीपुढे किती गाणी विरून गेली असतील त्याची मोजदाद कोण करणार?

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या. तोपर्यंत घराबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. सोपानदेवांनी ती वही संकोचतच आचार्य अत्रे यांना दाखवली. स्वतःच्या आईची गाणी थोरामोठ्यांपुढे ठेवायची कशी, असे त्यांना वाटत होते. अत्रे वाचून हरखून गेले. हे अस्सल सोने आहे, ते लपवून ठेवणे योग्य नाही असे त्यांनी ठरवले आणि पुस्तकासाठी पुढाकार घेतला. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रभर त्यांचे नाव झाले. १९६१ साली ‘मानिनी’ या चित्रपटातून ती घरोघरी ऐकू गेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. जिला सही करता येत नव्हती तिचे नाव आता पदवीच्या कागदावर छापले जाते. एवढा मान त्यांना मिळाला, पण तो पाहायला त्या नव्हत्या.

भगिनींनो, ती वही राहिली नसती तर काय उरले असते? चौधरींच्या घरची एक कष्टाळू आजी होऊन गेली, एवढेच दोन-तीन पिढ्या आठवले असते. आपल्या प्रत्येकीच्या घरात अशी एखादी आजी, मावशी, सासूबाई आहे. प्रत्येक जण बहिणाबाई असेल असे मी म्हणत नाही. पण प्रत्येकीजवळ काहीतरी आहे. माझ्या सासूबाईंना लिहिता येत नाही. कोणत्या महिन्यात कोणती भाजी कडू लागते, लोणच्याची कैरी कोणत्या पावसाआधी उतरवायची, मूल रडत असेल तर कोणती ओवी म्हणायची, हे त्यांना तोंडपाठ आहे. मी विचारते, त्या हसतात आणि म्हणतात, यात काय लिहायचे. पण मी लिहून घेते. भाजीच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने मी त्यासाठीच राखून ठेवली आहेत.

आपल्या मंडळाने एक जाड वही ठेवावी अशी माझी सूचना आहे. दर महिन्याच्या सभेत एकीने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून ऐकलेली एक ओवी, एक उखाणा किंवा एका पदार्थाची कृती त्यात उतरवावी. सांगणारीचे नाव आणि गाव खाली लिहावे. अक्षर वळणदार नसले तरी चालेल, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी मुलांकडून किंवा नातवंडांकडून लिहवून घ्यावे. आता घरोघरी मोबाईल आहेत, त्यावर आवाज भरून घेता येतो. पण हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, कारण सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत आणि त्या आपल्यासाठी थांबणार नाहीत.

बहिणाबाईंनी आपल्या हातून कोणते काम टाळले नाही आणि गाणे सोडले नाही. त्यांच्या मुलाने ते ऐकले आणि लिहिले. ऐकणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे हे काम आपल्याला करता येण्यासारखे आहे. त्या माउलीला माझा नमस्कार आणि आपल्या मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.