हाती आलेला तुकडा

बँकेत असताना आम्ही कर्जखाती नमुन्यादाखल तपासत असू, शंभरांतली दहा. त्या दहांत खोट सापडली नाही, की उरलेली नव्वदही चोख असावीत असे वाटू लागे. रुडॉल्फ फिरखोचे चरित्र वाचताना मला ते दिवस आठवले.

१८२१ साली पोमेरेनियात जन्मलेल्या या जर्मन डॉक्टरने रोगाचे मूळ पेशीत शोधायला वैद्यकाला शिकवले. १८५८ चा त्याचा व्याख्यानग्रंथ या शास्त्राचा पायाच ठरला.

१८८७ मध्ये युवराज फ्रेडरिकच्या स्वरयंत्रात गाठ आली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाची शंका होती, शस्त्रक्रियाही ठरली होती. मॉरेल मॅकेंझी या इंग्रज डॉक्टरने आधी गाठीचा तुकडा तपासायचा आग्रह धरला. फिरखोला त्यात कर्करोग दिसला नाही. निष्कर्ष हाती आलेल्या तुकड्यापुरताच आहे, ही त्याची सावध पुस्ती मात्र मागे पडली. शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाला आणि ९९ दिवसांत वारला. फिरखोच्या उपस्थितीत शवविच्छेदन झाले. तो कर्करोगच होता. त्या काळच्या जीवघेण्या शस्त्रक्रियेने तो वाचला असता का, कोण सांगणार?

फिरखो १९०२ मध्ये गेला. आज जनुकचाचणीपूर्वी तुकड्यातल्या पेशींत कर्कपेशी शेकडा किती, याचा अंदाज घेतात. त्या फारच थोड्या असल्या, तर असलेला जनुकदोषही निसटतो. म्हणून नात्यागोत्यात कुणाचा निर्दोष अहवाल आला, की पेढे वाटण्याआधी मी डॉक्टरांना विचारतो : तुकडा पुरेसा होता ना?