खंजिरीवाले तुकडोजी महाराज

दिंडीच्या शंभर वर्षांच्या स्मरणिकेसाठी एका संताचे चरित्र लिहून द्या, असे मंडळींनी मला सांगितले. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. म्हणून माझ्याहूनही एक इयत्ता कमी शिकलेल्या महापुरुषाचे नाव घेतो. ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. कोणी म्हणेल, आपला वीणा-टाळ-मृदंगाचा फड, इथे खंजिरी कशाला? पण आमच्या वऱ्हाडातल्या कितीतरी टाळकऱ्यांचा हात लहानपणी खंजिरीवरच बसलेला आहे. माझाही.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. नाव माणिक, वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरात गरिबी. तिसरीपर्यंत शाळा झाली, पुढे मन भजनातच. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू केले, त्यांनीच तुकड्या हे नाव दिले. पुढे सालबर्डी, रामटेक, रामदिघीच्या रानात राहिले.

आता खंजिरीचे सांगतो. लाकडाचे एक कडे, एका अंगाला कातडे, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. ना पेटी लागते ना तंबोरा. पावसाळ्यात कातडे सैल पडते, मग चुलीजवळ धरून शेकावे लागते. तेवढीच तिची हौस. गरिबाच्या घरी खुंटीला टांगता येईल असे हे वाद्य. महाराजांनी तेच धरले आणि ठेका असा धरला की माणूस बसल्या जागी डोलायला लागे. माझ्या वडिलांनी त्यांना ऐकले होते. हात दिसत नव्हता, नुसता आवाज दिसत होता, असे ते सांगत. आवाज कसा दिसतो हे मला तेव्हा समजले नव्हते.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले, तिथे ते महिनाभर राहिले. १९४२ च्या चळवळीत चिमूर-आष्टी भागात लोक उठले, त्यामागे महाराजांच्या भजनांचाही जोर होता. सरकारने त्यांना पकडून नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवले. १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेत गेले, तिथेही खंजिरी सोबत होतीच.

पण मला त्यांचे सगळ्यात मोठे काम वाटते ते सामुदायिक प्रार्थनेचे. ग्रामगीतेचे ४१ अध्याय, त्यात या प्रार्थनेला वेगळा अध्याय दिला आहे. सांज झाली की सगळ्या गावाने एका ठिकाणी खाली बसायचे, लहान-मोठा, जात-पात काही नाही, अन् एका सुरात म्हणायचे. म्हाताऱ्याच्या मांडीला मांडी लावून शाळेचे पोरगे बसते. चाल कोणी शिकवत नाही, ती कानावर पडता पडता तोंडात येते. आपल्या हरिपाठाचेही तसेच आहे. पुस्तक पाहून हरिपाठ शिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमच्या गावात मधल्या काळात प्रार्थनेला चार म्हातारे उरले होते, दोघांना ऐकू येत नव्हते. मी कीर्तनावरून आलो की शाळेतल्या पोरांना जमवू लागलो. पहिल्या वर्षी तिघे टिकले. काही आईबाप रागावले, अभ्यास बुडतो म्हणाले. त्यांचेही चुकीचे नव्हते. त्या म्हाताऱ्यांतल्या एका आजोबांना घरातली नावे आठवत नव्हती. सुनेला मुलगी समजत. पण खंजिरी वाजली की अख्खे भजन न चुकता म्हणत, मधे पोराने ठेका सोडला तर मांडीवर थाप मारून त्याला परत धरायला लावत. ते गेले, तेव्हा त्या पोराने रडत रडत वाजवले. ठेका मात्र सोडला नाही.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला ब्रह्मलीन झाले. दरवर्षी पुण्यतिथीला तिथे लाखो लोक येतात, अन् ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे जिथल्या तिथे उभे राहतात. टाळ थांबतो, खंजिरी थांबते. मी एकदा नातवाला घेऊन गेलो होतो. त्याने माझे बोट घट्ट धरले होते, अन् मौन सुटल्यावर आधी त्याचीच खंजिरी वाजली.